वाळीत टाकणे : शब्द जुना, कायदा तीनदा अडखळलेला

'वाळीत टाकणे' ऐकले की अनेकांना उन्हात वाळत घातलेले काहीतरी आठवते. व्याकरण मात्र त्याला साथ देत नाही. कपडे आपले आपण वाळतात. जुन्या मराठीतले दुसरे 'वाळणे' सकर्मक आहे, तिथे कोणीतरी कोणाला तरी वाळतो. गाथेतली गौळण 'वाळो जन मज' म्हणते, तेव्हा लोकांनी खुशाल मला टाकावे, असेच तिला म्हणायचे असते.

रोटी-बेटी बंद, न्हावी-परीट बंद, मयताला खांदा नाही, हे तपशील वेगळे सांगायला नकोत. पेशवाईत अशा वादांना 'ग्रामण्य' म्हणत आणि ते थेट सरकारदरबारी जात. कंपनी सरकारने १८२७ च्या रेग्युलेशनने अंग काढून घेतले : जातीच्या प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी पडू नये, बेकायदा कृत्याने जातीची वा अब्रूची हानी झाली, तर भरपाईचा दावा तेवढा ऐकावा. १८५० च्या कायद्याने जातिबाह्य माणसाचा वारसाहक्क वाचला. पण पंगतीत परत घेणे जातीच्याच हाती राहिले. पुण्यात १८९० साली मिशनमध्ये दिलेल्या चहावरून ग्रामण्य पेटले आणि बड्या बड्या सुधारकांना प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले.

खरी गुंतागुंत सुरू होते ती १९४९ मध्ये. मुंबई राज्याने बहिष्कार रद्दबातल ठरवणारा कायदा केला, हजार रुपयांपर्यंत दंडही ठेवला. मात्र 'बहिष्कार' कशाला म्हणायचे, याची व्याख्या वकिली होती. दिवाणी दाव्याने मिळवता येतील असे हक्क हिरावून एखाद्याला समाजातून काढले, तरच तो बहिष्कार. प्रार्थनास्थळ, दफन-दहन, मालमत्ता, मानाचे पद हे त्यात बसत होते. शेजाऱ्याने बोलणे सोडले, वाण्याने मीठ नाकारले, लग्नाची अक्षत आली नाही, तर दावा कशाचा लावणार? गावाला वाळीत म्हणजे जे कळत होते, त्यातला मोठा भाग कायद्याच्या बाहेरच राहिला.

एवढ्या अरुंद कायद्यालाही आव्हान मिळाले. दाऊदी बोहरा धर्मगुरूंचे म्हणणे असे, की पंथाची शिस्त राखण्यासाठी काढून टाकण्याचा अधिकार हा धर्माचाच भाग आहे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ते मान्य केले : संविधानाच्या २६ व्या अनुच्छेदाने पंथांना धार्मिक कारभाराची मोकळीक दिली आहे आणि हा कायदा तिच्यावर घाला घालतो. वेगळे मत खुद्द सरन्यायाधीशांचे होते. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होतो, आणि अस्पृश्यता तर संविधानाने संपवली आहे, अशी त्यांची मांडणी. आज वाचताना हेच मत अधिक वजनदार वाटते, कारण बहुमताने संस्थेचा अधिकार मोजला, तर ह्या एका मताने माणसाचे काय होते ते पाहिले.

वाद एका पंथाचा होता, पण कायदा सगळ्यांचाच गेला. पुढची पन्नासहून अधिक वर्षे कोकणातली गावकी आणि इतरत्रच्या जातपंचायती यांना अडवायला राज्याकडे खास असे काहीच नव्हते. फिर्याद घेतली तरी ती इतर कलमांखाली ओढूनताणून बसवावी लागे. २०१३ साली नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गर्भवती मुलीचा बापानेच खून केला, तेव्हा जातपंचायतीच्या जाचाची चर्चा घराघरांत गेली. रायगडमधल्या वाळीत प्रकरणांच्या बातम्या त्याच सुमारास वाढल्या.

२०१६ मध्ये विधिमंडळाने नवा कायदा मंजूर केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. यावेळी शब्द घेतला 'सामाजिक बहिष्कार' आणि व्याख्या गावाच्या अंगाने केली : संबंध तोडायला लावणे, समाजमंदिर वा स्मशान नाकारणे, धार्मिक-सामाजिक कार्यक्रमांतून वगळणे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोडही होऊ शकते. गावात राहणाऱ्याची संमती कशी मिळवली जाते, हे सांगायला नको.

ह्याच कायद्याने १९४९ चा कायदा रद्दही केला. १९६२ चा निकाल मात्र जागेवरच आहे. त्याच्या फेरविचारासाठी १९८६ मध्ये आलेली याचिका २०२३ च्या फेब्रुवारीत पाच न्यायमूर्तींनी नऊ जणांच्या पीठाकडे सोपवली.