नगराध्यक्ष कोणी निवडायचा? महाराष्ट्रातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

नगराध्यक्ष नगरसेवकांतून निवडला जायचा तेव्हा, नगरपालिकेच्या निकालात कुणालाच बहुमत मिळाले नाही की पुढचे काही दिवस कसे जायचे, हे तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. नगरसेवक ‘सहली’ला जायचे आणि अध्यक्ष निवडीच्या दिवशीच परतायचे. मग अडीच वर्षांच्या खुर्चीची सव्वा-सव्वा वर्षाची वाटणी व्हायची. मुदत संपली तरी राजीनामा यायचा नाही, आणि पाणीयोजनेचा ठराव तसाच पडून राहायचा.

हा घोडेबाजार रोखायला राज्याने १९८६ साली स्थानिक संस्थांसाठी वेगळा पक्षांतरबंदी कायदा केला. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या त्याच्या कक्षेत आल्या. ग्रामपंचायती बाहेर राहिल्या, कारण तिथे पक्षचिन्ह नसते, लढत पॅनलमध्ये असते. पण निकालानंतर महिनाभरात आघाडी करून गट नोंदवण्याची मुभा पुढे पालिकांच्या कायद्यांत आली. त्यामुळे फूट थांबली नाही, ती पहिल्या महिन्यातच उरकली जाऊ लागली. माझ्या मते कायद्याची खरी गळती इथेच आहे.

दुसरा उपाय थेट निवडीचा. काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने २००१ मध्ये नगराध्यक्ष जनतेतून निवडायचे ठरवले आणि २००६ च्या निवडणुकांपूर्वी ते सोडूनही दिले. २०१६ मध्ये फडणवीस सरकारने ही पद्धत परत आणली, २०१७ मध्ये सरपंचांनाही लावली. २०२० मध्ये महाविकास आघाडीने दोन्ही रद्द केल्या आणि २०२२ मध्ये शिंदे सरकारने दोन्ही पुन्हा सुरू केल्या.

थेट निवडीने खुर्ची टिकते, हे खरे. थेट निवडून आलेल्या सरपंचाला हटवायला तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेचा कौलही. पण अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, असे चित्र २०१६ नंतर अनेक गावांनी पाहिले. भांडण मिटले नाही, ते सभागृहातून अध्यक्षांच्या दालनाच्या दारात आले.

२०२५ च्या डिसेंबरमधल्या नगरपालिका निवडणुका थेट पद्धतीनेच झाल्या. त्याआधी ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका रखडल्या होत्या आणि बहुतेक पालिकांचा कारभार कित्येक वर्षे प्रशासकांच्या सहीने चालला.