मालिका कोण बंद करतं? मराठी वाहिन्यांच्या बदलत्या मालकीची पार्श्वभूमी

14 नोव्हेंबर 2024 ला डिस्ने आणि रिलायन्स यांच्या वाहिन्यांचं विलीनीकरण पुरं झालं, आणि स्टार प्रवाह व कलर्स मराठी एकाच मालकाच्या छत्राखाली आल्या. तेव्हापासून यापैकी कुठल्याही वाहिनीवरची मालिका संपली, की नागपुरात धरमपेठेपासून महालापर्यंत एकच निदान ऐकू येतं: 'विलीनीकरणात गेली.' निदान अर्धंच बरोबर आहे. मालक बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी मालिकेवर पडदा पडत नाही. बदलते ती मालिका तोलायची मापं, आणि त्याचा परिणाम दिसायला बरेच महिने जातात.

दूरदर्शनच्या काळात हा प्रश्नच वेगळा होता. मालक एकच, सरकार. निर्माता मंजुरी घेऊन यायचा, 13 भाग मिळायचे, म्हणजे आठवड्याला एक धरला तर एक तिमाही. प्रायोजक टिकला तर मुदतवाढ. प्रक्षेपणाचं शुल्क निर्माता भरायचा, बदल्यात जाहिरातीची सेकंदं घ्यायचा आणि ती विकून खर्च काढायचा. मालिकेचे हक्क बहुतेक वेळा त्याच्याकडेच राहत. सेमिनरी हिल्सच्या केंद्रावरून वैदर्भीय कार्यक्रम दिसायचे, पण त्यांची वेळ ठरवणारे हात नागपूरबाहेरच असत.

1999 मध्ये अल्फा मराठी (पुढची झी मराठी) आणि जुलै 2000 मध्ये ईटीव्ही मराठी आली आणि हिशेब उलटा झाला. वाहिनी दर भागाला ठरलेली रक्कम देते, निर्माता त्यात मालिका बनवून देतो, हक्क वाहिनीचे. म्हणून आजची बंद पडलेली दैनंदिन मालिका निर्माता उचलून शेजारच्या वाहिनीवर नेऊ शकत नाही. नाव, पात्रं, जुने भाग सगळं वाहिनीबरोबर राहतं, आणि वाहिनी विकली गेली की नव्या मालकाकडे जातं. प्रेक्षक 'दुसऱ्या चॅनलनं घ्यावी' अशी मोहीम चालवतात, ती इथेच अडते. 'नवं पर्व' ही सोय मुख्यतः विनोदी कार्यक्रम, गाण्याच्या स्पर्धा यांना मिळते. 'चला हवा येऊ द्या' 2014 पासून 2024 पर्यंत चालून थांबला आणि 2025 मध्ये परत आला. दैनंदिन मालिकेला असं थांबून परतणं जवळजवळ अशक्य, कारण कलाकारांच्या तारखा सुटतात आणि सेट मोडला जातो.

सगळ्यात जास्त वाद आजही ईटीव्ही मराठीच्या विक्रीवर होतो, म्हणून ते प्रकरण नीट पाहायला हवं. जानेवारी 2012 मध्ये व्यवहार जाहीर झाला, रक्कम सुमारे 2,100 कोटी रुपये. ईटीव्ही चालवणाऱ्या हैदराबादच्या समूहाच्या हिंदी-उर्दू बातम्यांच्या वाहिन्या पूर्ण विकल्या जाणार होत्या. मराठी, कन्नड, बांगला, गुजराती, ओडिया मनोरंजन वाहिन्यांत मात्र हिस्सा 50 टक्क्यांचा. गंमत अशी, की या वाहिन्यांत मुंबईच्या एका बड्या उद्योगसमूहाचे (रिलायन्सचे) पैसे आधीच अडकलेले होते, आणि विकत घेणाऱ्या माध्यम कंपनीच्या (नेटवर्क18) प्रवर्तकांना भांडवल पुरवणारा ट्रस्टही त्याच समूहाचा. व्यवहार पुरा व्हायला जानेवारी 2014 उजाडलं. त्याच वर्षी घेणारी कंपनीच त्या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली, आणि मार्च 2015 मध्ये पडद्यावर 'कलर्स मराठी' हे नाव आलं.

म्हणजे 2012 ते 2015 या काळात 'वाहिनी कोणाची?' याला तारखेनुसार वेगळं उत्तर आहे. 2001 पासून तीन हजारांवर भाग झालेली 'चार दिवस सासूचे' नेमकी याच मधल्या काळात, 2013 च्या सुरुवातीला संपली. तिचा शेवट विक्रीच्या खात्यावर मांडणारे पुष्कळ आहेत. ते पटत नाही. त्या दिवशी व्यवहार पुरा झालेलाच नव्हता, आणि अकरा वर्षं चाललेल्या मालिकेचा खर्च दरवर्षी चढत असतो, तर नवा प्रेक्षक मध्येच येऊन जोडला जात नाही. विक्रीचा खरा घाव बसला तो नामांतरानं. पंधरा वर्षांत रुळलेलं नाव गेलं, जिंगल गेली, सूचनापट्ट्या बदलल्या, आणि जोडीला हिंदी भावंड वाहिनीची चव आली: भडक रंग, मोठे रिअॅलिटी कार्यक्रम. जुन्या धाटणीच्या कौटुंबिक मालिकांना त्या चौकटीत जागा उरली नाही. हा निर्णय व्यापाराच्या दृष्टीनं चुकीचा होता असं नाही, पण त्याची किंमत छोट्या शहरांतल्या निष्ठावान प्रेक्षकानं जास्त मोजली, हे कबूल करायला कोणी पुढे आलं नाही.

त्याच सुमाराला मापंही, म्हणजे टीआरपी मोजायची व्यवस्थाही, बदलली. आधीची मीटरव्यवस्था मुख्यतः शहरांपुरती होती. नव्या यंत्रणेचे आकडे एप्रिल 2015 पासून आले आणि ऑक्टोबरपासून त्यांत गावंही मोजली जाऊ लागली. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, घरातलं मीटर ती ओळखतं, आणि बघणाऱ्यानं आपापलं बटण दाबायचं असतं. आठवडा शनिवार ते शुक्रवार, निकाल पुढच्या गुरुवारी. मराठी मनोरंजनाचा जाहीर आकडा महाराष्ट्र-गोवा असा एकत्र लागतो. त्यात नागपूर वेगळं दिसत नाही. इथे घराघरांत रात्री हिंदी आणि मराठी वाहिन्या एकाच रिमोटवर भांडतात. त्यामुळे वऱ्हाडी बोलणारी नायिका इथे कितीही गाजली तरी तिचं वजन पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या आकड्यात विरघळून जातं.

मालिका जाते कशी, याचा क्रम ठरलेला असतो. एका वाईट गुरुवारानं काही होत नाही, चार आठवड्यांची सरासरी पाहिली जाते. ती पडली, की आधी कथेत लीप (काही वर्षांची उडी) किंवा नवं पात्र. मग महाएपिसोड. तेवढ्यानं भागलं नाही, तर साडेसात-आठच्या वेळेवरून साडेसहाला किंवा रात्री साडेदहा-अकराला पाठवणी, कारण दहा सेकंदांच्या जाहिरातीचा दर संध्याकाळी सात ते दहा या वेळेतच खरा मिळतो. नव्या वेळेला जुना प्रेक्षक येत नाही, सरासरी आणखी घसरते आणि निर्णय सोपा होतो. युनिटला कळतं बरंच उशिरा. साधारण चार-सहा भागांची बँक (आधीच चित्रित झालेला साठा) शिल्लक असते, तेवढ्या दिवसांतच लग्न, तुरुंगवास, हृदयपरिवर्तन सगळं उरकायचं. शेवटचे भाग घाईचे वाटतात ते त्यामुळे. पैसे साधारण 90 दिवसांनी मिळण्याची रीत असल्यानं मालिका संपल्यावरही कलाकार-तंत्रज्ञ तीन महिने धनादेशाची वाट पाहत असतात.

आता मालकीचा भाग. दोन वाहिन्या वेगळ्या मालकांच्या असतात, तेव्हा आठच्या दोन्ही मालिका एकमेकींचा प्रेक्षक ओढतात आणि दोघींनाही लढायला खर्च मिळतो. मालक एक झाला, की ही लढत घरातली होते. जाहिराती एकत्र विकल्या जातात, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या वाहिनीवर त्या वेळेला महागडी मालिका कशाला, असा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. स्पर्धा नियामकानं ऑगस्ट 2024 मध्ये या विलीनीकरणाला अटींवर मंजुरी दिली, तेव्हा चर्चेत सगळ्यात पुढे क्रिकेटच्या जाहिराती होत्या. आठ वाजताच्या मालिकांचं काय, हे विचारायला मराठी प्रेक्षकाच्या बाजूनं फारसं कोणी नव्हतं.

याच्या उलट उदाहरण झी आणि सोनीचं. सप्टेंबर 2021 मध्ये जाहीर झालेलं त्यांचं विलीनीकरण 22 जानेवारी 2024 ला मोडलं. झालं असतं, तर झी मराठी आणि सोनी मराठी एका घरात आल्या असत्या. या जवळपास अडीच वर्षांत लांब पल्ल्याचे निर्णय अधांतरी राहिले. मालकी बदलण्याइतकीच ती बदलण्याची नुसती शक्यताही वाहिनीला जखडते.

नागपूरच्या केबलवर या सगळ्याचं दुसरं टोक दिसतं. 31 मार्च 2013 च्या टप्प्यात शहरात सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले. फेब्रुवारी 2019 पासून प्रत्येक वाहिनीला स्वतंत्र किंमत लागली. पॅकेजमध्ये घालायच्या वाहिनीची कमाल किंमत 19 रुपये असावी की 12, यावर तीन वर्षं कोर्टबाजी चालली आणि शेवटी 19 वरच गाडी आली. नवे करार न करणाऱ्या केबलवाल्यांकडे फेब्रुवारी 2023 मध्ये मोठ्या वाहिन्या काही दिवस बंद होत्या. आता एका मालकाकडे जास्त वाहिन्या म्हणजे एका पॅकेजमध्ये जास्त वाहिन्या, आणि केबलवाल्याला घासाघीस करायला कमी जागा.

आपली मालिका जाणार का, हे ओळखायला बातम्यांची वाट पाहू नका. नव्या मालिकेच्या प्रोमोखालची वेळ बघा. ती तुमच्या मालिकेची असेल आणि जुनीची नवी वेळ कुठेच सांगितली नसेल, तर शेवटचं चित्रीकरण झालेलं असण्याची शक्यता जास्त. नवी वेळ सांगितली असेल आणि ती साडेदहाच्या पुढची असेल, तर दोन-तीन महिने धरा.