स्कूटरचा किरकोळ अपघात: विमा दाव्याची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

द्वारका चौकात मागून धक्का बसून स्कूटर आडवी झाली, पुढचा एप्रन (हँडलखालचे कवच) तडकला, आरसा निखळला आणि कोपर खरचटले, एवढ्यावर निभावले की बहुतेक नाशिककर गाडी थेट ओळखीच्या मेकॅनिककडे नेतात. दावा तिथेच अडचणीत येतो, कारण विमा कंपनीला कळवण्यापूर्वी दुरुस्ती झाली तर पाहणीसाठी काही उरतच नाही.

अपघातात कोणाला इजा झाली असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले असेल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, नजीकच्या पोलीस ठाण्यात खबर देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. केवळ स्वतःच्या गाडीचे नुकसान असल्यास कंपन्या सहसा एफआयआरचा आग्रह धरत नाहीत. मात्र ‘आपसात मिटवू’ म्हणत समोरच्याला पैसे देऊ नयेत वा चूक लेखी कबूल करू नये. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय असे करणे पॉलिसीच्या अटींच्या विरुद्ध ठरते.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई केवळ थर्ड पार्टी पॉलिसीवर, म्हणजे फक्त दुसऱ्याचे नुकसान भरून देणाऱ्या पॉलिसीवर, मिळत नाही. त्यासाठी स्वनुकसानीचे संरक्षण, म्हणजे लोक ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात ते, अपघाताच्या दिवशी चालू असावे लागते. चालकाकडे त्या वर्गाच्या वाहनाचे वैध लायसन्स हवे आणि त्याने मद्यपान केलेले नसावे. जुनी स्कूटर घेतलेल्यांनी विशेष जपावे: पेठ रोडच्या आरटीओत आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) नावावर झाली तरी पॉलिसीतले स्वनुकसानीचे संरक्षण आपोआप नावावर होत नाही, त्यासाठी हस्तांतरणापासून १४ दिवसांत कंपनीकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

दाव्याची सूचना हेल्पलाइनवर किंवा ॲपवर देऊन दावा क्रमांक लिहून घ्यावा. त्यानंतर भरलेला क्लेम फॉर्म, आरसी, लायसन्स, पॉलिसी, गॅरेजचे एस्टिमेट, नंबरप्लेटसह काढलेले फोटो आणि, पोलिसांत खबर दिली असल्यास, तिची प्रत जोडावी. सर्व्हेअरची, म्हणजे कंपनीने नेमलेल्या तपासनिसाची, पाहणी आणि मंजुरी झाल्यावरच काम सुरू करावे. कॅशलेस गॅरेज (जिथे कंपनी बिल थेट भरते) नसेल तर मूळ बिल व पावती लागते, तसेच रक्कम खात्यात येण्यासाठी रद्द केलेला धनादेशही.

अर्ज भरण्याआधी आकडेमोड करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापला जातो, शिवाय दुचाकीला १०० रुपये सक्तीची वजावट असते, म्हणजे तेवढी रक्कम स्वतः भरावी लागते. समजा, प्लास्टिकचे भाग २,४०० रुपयांचे आणि मजुरी ६०० रुपये, तर कर वगळता ३,००० पैकी सुमारे १,७०० रुपयेच हाती येतील. झीरो डेप हे जादा संरक्षण असल्यास घसारा कापला जात नाही. मात्र दावा घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो पहिल्या दावारहित वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत वाढतो, पण फक्त स्वनुकसानीच्या हप्त्यावर मिळतो. तो हप्ता किती हे पॉलिसीच्या पहिल्या पानावर वेगळे लिहिलेले असते.

दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर नाशिककरांना पुण्याच्या विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींवर निवाडा करणारा अधिकारी) विनाशुल्क तक्रार करता येते.