पुळणीवरून दिसतो तो जंजिरा नव्हे

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कोकणचे फोटो यायला लागतात. पाण्यावर घिरट्या घालणारा पक्षी, उंच पुलावरून जाणारी रेल्वे आणि समुद्रातला किल्ला, या तीन गोष्टी बहुतेकांच्या फोटोंत असतातच. मी एकेक फोटो उघडून, मोठा करून पाहते. आपल्या माणसाने काय बघितले, कुठे थांबला, कशासाठी खिशातून फोन काढला, हे त्यातून कळते. पण दर वर्षी एक फोटो हमखास चुकीच्या नावाने येतो. मुरूडची पुळण, मावळतीचा सूर्य, पाण्यात काळसर दिसणारा किल्ला आणि खाली लिहिलेले, ‘अजिंक्य जंजिरा’.

तो जंजिरा नसतो, पद्मदुर्ग असतो.

कॉलेजात असताना मीही असाच फोटो याच नावाने सगळ्यांना पाठवला होता. मुरूडला राहणाऱ्या मामाचा लगेच फोन आला. “अगं, हा कासा, म्हणजे पद्मदुर्ग. जंजिरा बघायचा तर राजपुरीला जावं लागतं. पुढच्या वेळी आलीस की दोन्हीकडे नेतो.” त्याने खरेच नेले. एका दिवशी सकाळी राजपुरी आणि दुसऱ्या दिवशी, भरती-ओहोटीची वेळ साधून, पद्मदुर्ग. ते दोन दिवस झाल्यापासून या दोघांची गल्लत झालेली दिसली की मला राहवत नाही.

गल्लत होते ती मुळात जागेमुळे. मुक्कामाच्या गावाचे नाव मुरूड, प्रसिद्ध किल्ल्याचे नाव ‘मुरूड-जंजिरा’. मग मुरूडच्या पुळणीवर उभे राहून समोर पाण्यात जो किल्ला दिसेल तोच जंजिरा, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पुळणीसमोरच्या खडकावर आहे तो पद्मदुर्ग. जंजिरा दक्षिणेला, राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी आहे. मुरूडहून राजपुरीकडे जाताना रस्ता डोंगर चढतो आणि वळणावर एकदम खाली खाडी आणि तिच्यातला तो अंडाकृती कोट दिसतो. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात ती ही जागा, आणि तिथून काढलेल्या फोटोचे नाव सहसा चुकत नाही. त्यामुळे नाव लिहिण्याआधी पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा: मी उभी कुठे होते? पुळणीवर असाल तर पद्मदुर्ग, राजपुरीच्या धक्क्यावर किंवा त्या वळणावर असाल तर जंजिरा. आणि जंजिऱ्याच्या बुरुजावर उभे राहून, कमानीतून दूर वायव्येला एखादा छोटा किल्ला टिपला असेल, तर तो पुन्हा पद्मदुर्गच.

फोटो दुसऱ्याने काढलेला असेल आणि तो कुठे उभा होता हे माहीत नसेल, तर किल्ल्याच्या आकाराकडे बघावे लागते. लांबच्या लेन्सने काढलेल्या फोटोत अंतराचा अंदाज राहत नाही, दोन्ही किल्ले सारख्याच मापाचे वाटतात. तरी फरक दिसतोच.

जंजिरा सलग आहे. तट थेट पाण्यातून वर येतो आणि एका बुरुजानंतर दुसरा, अशी गोल बुरुजांची रांग बेट वेढून फिरते. भरतीच्या वेळी बाहेर पाय ठेवायला जागा दिसत नाही. तटाच्या वरून आतली झाडे डोकावतात, आणि झाडांच्या मधून एका पडक्या वाड्याच्या उंच भिंती, रिकाम्या खिडक्यांसह. मुख्य दरवाजा राजपुरीच्या बाजूला आहे, पण दोन बुरुजांच्या आडोशाला अशा रीतीने बसवला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो कळतच नाही. म्हणून राजपुरीहून काढलेल्या फोटोत ‘दरवाजा कुठे आहे?’ असे कुणी विचारले, तर तो न दिसणे हीच जंजिऱ्याची खूण समजावी.

पद्मदुर्ग सलग नाही, दोन तुकड्यांत आहे. एक मुख्य किल्ला आणि त्याच्यापासून सुटा पडकोट, म्हणजे बाहेरचा कोट. पडकोट बराचसा ढासळला आहे, पण त्याचा मोठा बुरूज अजून धड आहे. या बुरुजाच्या माथ्यावर चर्या, म्हणजे काठावरचे दगडी कंगोरे, आहेत त्या पाकळ्यांच्या आकाराच्या, कमळ उमलावे तशा. पद्म म्हणजे कमळ, तेव्हा किल्ल्याची नावनिशाणी त्या दगडातच आहे. किल्ल्याभोवती खडक आणि वाळूही उघडी पडलेली दिसते, म्हणजे तट थेट पाण्यात उभा नाही. दोन भाग, मधली फट आणि पाकळ्यांचा बुरूज यांतले काहीही दिसले तर नाव नक्की झाले.

जवळून काढलेल्या फोटोंत तर आणखी सोपे. जंजिऱ्याच्या दरवाजाशी हत्तींना पंजांत दाबून धरलेल्या वाघासारख्या पशूचे शिल्प आहे. आत कलाल बांगडी ही प्रचंड तोफ आहे. तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढल्याशिवाय कुणी परत येत नाही. चावरी आणि लांडा कासम या तिच्या सोबतिणी. आणि चहूबाजूंनी खारे पाणी असलेल्या या बेटावर गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत, हिरवट पाणी आणि भोवती दगडी काठ. तलाव दिसला की जंजिरा.

पद्मदुर्गाच्या जवळच्या फोटोची खूण याहून वेगळी आहे, आणि मला ती सगळ्यांत आवडते. मामाने मला तटाजवळ नेऊन हात लावायला सांगितले होते. लाटांचे तुषार दगडात मुरतात, पाणी सुकते, मीठ उरते. मिठाचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि आतून कण सुटे करतात. तीन-साडेतीनशे वर्षे हे चालू असल्याने दगड खोलगट झिजले आहेत. पण त्यांना जोडणारा चुना झिजलेला नाही. तो दगडांच्या पुढे, जाळीसारखा उभा आहे. मधाचे रिकामे पोळे जसे दिसावे तशी भिंत दिसते: घरे आत गेलेली, कडा बाहेर आलेल्या. ज्या गवंड्यांनी तो चुना घोटला त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत, त्यांचे काम मात्र त्यांनी वापरलेल्या दगडापेक्षा जास्त टिकले. हा फोटो सकाळी किंवा उतरत्या उन्हात काढावा, उन्हाची तिरीप भिंतीवर आली की जाळीची सावली पडते. भर दुपारी काढला तर भिंत सपाट दिसते आणि काहीच कळत नाही. कुणी मला पद्मदुर्गाचा एकच फोटो पाठवणार असेल तर त्याने मावळतीचा न पाठवता हा पाठवावा.

आता नावाची गुंतागुंत. जंजिरा हा शब्द अरबीतला जझीरा, म्हणजे बेट. जुन्या मराठी कागदांत पाण्यातल्या कुठल्याही किल्ल्याला जंजिरा म्हटलेले आढळते: जंजिरे सिंधुदुर्ग, जंजिरे विजयदुर्ग. त्या अर्थाने पद्मदुर्ग हाही एक जंजिराच. कुणी हा मुद्दा काढला तर तो बरोबर आहे. पण आज आपण नुसते ‘जंजिरा’ म्हणतो तेव्हा राजपुरीसमोरचा सिद्दींचा किल्लाच मनात असतो, आणि ‘अजिंक्य’ हे विशेषणही त्याचेच. पद्मदुर्गाला हे विशेषण लावता येत नाही, तो किल्ला पुढे सिद्दीच्याच ताब्यात गेला. कासा हे त्या खडकाचे नाव, कोळी लोक किल्ल्यालाही अजून तेच म्हणतात. म्हणून कासा किल्ला आणि पद्मदुर्ग हे दोन वेगळे नाहीत, एकच.

फोटोखाली लिहिलेल्या एका शब्दासाठी एवढा आग्रह कशाला, असे माझ्या धाकट्या भावाने एकदा विचारले. मी त्याला शिवाजी महाराजांच्या पत्रातले वाक्य वाचून दाखवले. 1675 च्या जानेवारीत, पद्मदुर्गाला वेळेवर रसद न पोचवणाऱ्या प्रभावळीच्या सुभेदाराला, जिवाजी विनायकाला, महाराजांनी खडसावले आहे. त्यात ते म्हणतात, पद्मदुर्ग वसवून राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केली आहे. म्हणजे हे दोन किल्ले शेजारी-शेजारी असलेली पर्यटनाची दोन ठिकाणे नाहीत. एक दुसऱ्याच्या छातीवर बसवायला बांधला. जंजिऱ्याच्या खडकावर आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, सोळाव्या शतकात तिथे दगडी कोट झाला आणि सिद्दींनी तो अखेरपर्यंत राखला. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये खाडीत दगड टाकून सेतू बांधायचा प्रयत्न केला, तरी तो हाती आला नाही. जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले ते 1948 मध्ये. या किल्ल्याला तोंड देण्यासाठी उभारलेल्या किल्ल्याच्या फोटोखाली त्याच्याच शत्रूचे नाव लिहायचे, आणि सिद्दीच्या किल्ल्याखाली ‘महाराजांनी बांधलेला जलदुर्ग’ असे लिहायचे! हे दोन्ही मी पाहिले आहे. एका शब्दाने इतिहास उलटा होतो.

लाय पाटलाची गोष्टही याच पाण्यातली. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावायला हा कोळी सरदार गेला होता, असे सांगतात. मागून येणारी फौज वेळेत पोचली नाही आणि बेत फसला, पण त्याच्या धाडसासाठी महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. दर्यावर फिरणाऱ्याला पालखी काय कामाची, असे त्याने म्हटल्यावर पालखी नावाचे गलबत बांधून दिले. मुरूडच्या कोळीवाड्यात ही गोष्ट आजही अभिमानाने सांगतात. ती ऐकताना समोर दिसतो तो कासा, जंजिरा नव्हे.

किल्ल्यांइतके नाही, पण पक्ष्यांचेही असेच होते. किनाऱ्यावर पांढऱ्या डोक्याचा शिकारी पक्षी दिसला की लोक ‘समुद्री गरुड’ लिहून मोकळे होतात. बहुतेक वेळा ती ब्राह्मणी घार असते: डोके-छाती पांढरी, बाकी अंग विटकरी तांबडे, शेपूट टोकाला गोलसर. समुद्री गरुडाच्या, म्हणजे रत्नागिरीकडच्या काकणाच्या अंगावर तांबडे काही नाही. पोट पांढरे, पाठ राखाडी, पंखांची मागची कड काळी, शेपूट आखूड पाचरीसारखी, आणि पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास, घारीच्या दीडपटीहून जास्त. तरंगताना तो पंख वर उचलून धरतो, समोरून उथळ ‘व्ही’ दिसतो. इथे एक गोष्ट किल्ल्यांच्या बरोब्बर उलट आहे. किल्ल्याच्या फोटोखाली जागा लिहाच, काकणाच्या घरट्याच्या फोटोखाली कधीही लिहू नका. तो त्याच उंच झाडावर वर्षानुवर्षे परत येतो. जागा कळली की फोटो काढणारे झाडाखाली जमतात आणि पिलांच्या दिवसांत हा त्रास त्याला सोसत नाही. नाव लिहा, महिना लिहा, गाव गाळा.

रेल्वेच्या फोटोंबद्दल थोडेच सांगते. मांडवी आणि कोकणकन्या यांचे डबे एकच असतात, दिवसा जाते तेव्हा मांडवी, रात्री निघते तेव्हा कोकणकन्या. त्यामुळे डबे बघून नाव कळत नाही, उजेड बघून कळते. सावंतवाडीच्या आसपास कोवळ्या उन्हात मडगावकडे जाणारी कोकणकन्या, रत्नागिरीला टळटळीत दुपारी थांबलेली मांडवी. रत्नागिरीजवळचा 64 मीटर उंचीचा तो पूल पानवल नदीवरचा आहे, ‘पनवेलचा पूल’ असे लिहू नये. आणि फोटो कधीचा हे आठवत नसेल तर डोक्यावर तारा आहेत का ते बघावे. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झाले, म्हणजे मोकळ्या आभाळाखालून चाललेली डिझेलची गाडी ही त्याआधीची.

पण परत त्या दोन किल्ल्यांकडे येते. राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात, गर्दी असते, फोटोही रगड निघतात. पद्मदुर्गाला तशी रोजची वर्दळ नाही. कोळ्याशी बोलून, समुद्राचा रंग बघून जावे लागते. पावसाळ्यात दोन्हीकडच्या होड्या बंद. त्यामुळे पद्मदुर्गाचे बहुतेक फोटो पुळणीवरून काढलेले, लांबचे आणि मावळतीचे असतात, आणि तेच चुकीच्या नावाने फिरतात. ज्यांच्याकडे आतले, जवळचे फोटो आहेत त्यांनी ते फोनमध्ये ठेवू नयेत, पाठवावेत. पाकळ्यांच्या बुरुजाचा, पडकोटाच्या ढासळत्या भिंतीचा, चुन्याच्या जाळीचा. जो भाग आज उभा आहे तो दहा पावसाळ्यांनंतर तसाच असेल याची खात्री नाही.

माझा तो कॉलेजातला फोटो मी गेल्या आठवड्यात पुन्हा पाठवला. खाली लिहिले: ‘पद्मदुर्ग, म्हणजे कासा. मुरूडच्या पुळणीवरून, संध्याकाळी, ओहोटीच्या वेळी. जंजिरा या फोटोत नाही.’ मामाने लगेच त्याच्याकडचा भिंतीचा फोटो पाठवला, चुन्याच्या कडांवर सकाळचे ऊन पडलेले.