सर्व्हर मोजायचे की सेन्सर? हार्डवेअर मॉनिटरिंगच्या आखणीची पार्श्वभूमी

डेटा सेंटरमध्ये हार्डवेअर मॉनिटरिंग बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो: सर्व्हर किती? त्या एका आकड्यावरून मॉनिटरिंगसाठी मेमरी किती, डिस्क केवढी हे ठरवून टाकायची सवय जुनी आहे. एके काळी ती चालूनही जायची.

एसएनएमपी, म्हणजे उपकरणांची माहिती नेटवर्कवरून विचारून घेण्याचा प्रोटोकॉल, १९८८ साली आरएफसी १०६७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातून पुढे आला, तो मुख्यतः राउटरसारख्या नेटवर्कवरच्या उपकरणांसाठी. उपकरणावर कमीत कमी ओझं टाकायचं, डोकेफोड विचारणाऱ्याने करायची, असा त्यामागचा हिशेब होता. सगळा कारभार युडीपीवर, म्हणजे संदेश पोचल्याची खात्री न देणाऱ्या पद्धतीवर. उपकरणाने स्वतःहून पाठवलेला ट्रॅप, म्हणजे इशाऱ्याचा संदेश, वाटेत हरवला तर कुणाला पत्ताही लागत नसे. म्हणून ठरावीक वेळाने विचारत राहायचं, म्हणजे पोलिंग करायचं, हीच रीत रूढ झाली.

किती वेळाने? १९९५ मध्ये टोबियास ओटिकर यांनी एमआरटीजी हे नेटवर्कवरच्या वाहतुकीचे आलेख काढणारं साधन लिहिलं, ते दर पाच मिनिटांनी चालायचं. ही पाच मिनिटं पुढे अशी चिकटली की आजही अनेक आराखड्यांत ती कुणी न विचारता येऊन बसतात. ओटिकर यांच्याच आरआरडीटूल या नोंदी साठवणाऱ्या साधनात (१९९९) फाइल तयार होतानाच तिचा आकार पक्का होई आणि जुन्या नोंदी सरासरी काढून विरळ केल्या जात. डिस्कवर जागा किती लागेल, हे त्यामुळे कागदावरच सांगता येई. पंचाईत झाली ती दुसरीकडे. हजारो छोट्या फाइलींत सतत थोडं थोडं लिहिताना डिस्कची जागा पुरायची, वेग पुरायचा नाही. मग नोंदी मेमरीत साठवून एकत्र लिहिणारं आरआरडीकॅशडी आणावं लागलं.

दरम्यान १९९८ मध्ये इंटेल, एचपी, डेल आणि एनईसी यांनी आयपीएमआय हे सर्व्हरच्या हार्डवेअरवर नजर ठेवण्याचं मानक जाहीर केलं होतं. मदरबोर्डवरचा बीएमसी हा छोटा प्रोसेसर मुख्य सर्व्हर बंद असतानाही पंखे, तापमान, व्होल्टेज आणि पॉवर सप्लाय यांच्यावर नजर ठेवू लागला. आखणीची खरी मेख इथे आहे. आयपीएमआयमध्ये प्रत्येक सेन्सरचं वाचन स्वतंत्रपणे मागावं लागतं, आणि बीएमसी बिचारा आधीच आयटूसी बस या मदरबोर्डवरच्या मंद वाहिनीवरून बरीचशी माहिती गोळा करत असतो. मॉनिटरिंगचा सर्व्हर कितीही दणकट घ्या, समोरच्याची उत्तर देण्याची ताकद वाढत नाही. एकाच बीएमसीला दोन-तीन साधनं एकाच वेळी विचारत बसली, तर ‘सर्व्हर उत्तर देत नाही’ असे खोटे अलर्ट येतात आणि सर्व्हर मात्र ठणठणीत असतो.

आता हिशेब. समजा २,००० सर्व्हर आहेत आणि प्रत्येकी ५० सेन्सर. पाच मिनिटांच्या पोलिंगला सेकंदाला सुमारे ३३३ मूल्यं येतात. तेच दर मिनिटाला केलं की १,६६७, म्हणजे दिवसाला १४ कोटी ४० लाख. सर्व्हर तेवढेच, भार पाचपट. झॅबिक्स हे मॉनिटरिंगचं साधन वापरणारे म्हणूनच ‘सेकंदाला नवी मूल्यं किती’ या भाषेत बोलतात. साठवणुकीचा प्रश्न मात्र बराच हलका झाला आहे. फेसबुकने २०१५ मध्ये मांडलेल्या गोरिला या नोंदी दाबून साठवण्याच्या पद्धतीत १६ बाइटची नोंद सरासरी १.३७ बाइटवर आली. आपल्या उदाहरणातले दिवसाचे सुमारे २.३ जीबी तेवढंच दाबता आलं, तर २०० एमबीच्या आत बसतील. प्रोमिथियस या मॉनिटरिंगच्या साधनाची साठवणूकही याच धाटणीची आहे.

२०१५ च्याच ऑगस्टमध्ये डीएमटीएफ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने रेडफिश हे बीएमसीशी बोलण्याचं नवं मानक आणलं. वेबवरचं एचटीटीपीएस आणि माहिती मांडण्याचं जेसन हे रूप वापरल्यामुळे एका विनंतीत सगळे पंखे आणि तापमानं मिळू लागली. पण दर वेळी नवीन जोडणी उघडली तर टीएलएसचा, म्हणजे जोडणी सुरक्षित करण्याचा, खर्च त्याच छोट्या प्रोसेसरवर पडतो, त्यामुळे सेशन टिकवून वापरणं बरं.

रेडफिशमध्ये बीएमसीकडून घटना आपणहून मिळवण्यासाठी नोंदणीही करता येते. तिथे ‘सेकंदाला सरासरी किती’ हा हिशेब कामाला येत नाही. एका रांगेची एक वीजवाहिनी गेली की तिथला प्रत्येक सर्व्हर जवळपास एकाच क्षणी ओरडतो. घेणाऱ्याची रांग तुंबली तर बीएमसी ठरवून दिलेल्या वेळाच पुन्हा प्रयत्न करतो, आणि सेटिंग तसं असेल तर त्यानंतर नोंदणीच रद्द करून टाकतो.