अल्बारासिन (स्पेन)

आरागॉन प्रदेशातल्या तेरुएल प्रांतातलं डोंगरी गाव. वस्ती जेमतेम हजारभर, उंची साधारण ११७० मीटर. ग्वादालाव्यार नदी गावाला वळसा घालून जाते, आणि हीच नदी पुढे तुरिया या नावाने वालेन्सियाला समुद्राला मिळते. १९६१ पासून गावाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा आहे.

नावाबद्दल बरीच चर्चा झालीय. काही जुन्या लेखकांनी हे प्राचीन भूगोलकार टॉलेमीच्या ग्रंथातलं लोबेटम नावाचं गाव असं धरलं, पण त्याला भक्कम आधार नाही. 'आल्ब' म्हणजे डोंगर अशी फोड करून नाव अरबांच्याही आधीचं ठरवायचाही प्रयत्न झाला, तोही ओढूनताणूनच वाटतो. त्यापेक्षा बनू राझिन या बर्बर घराण्यावरून नाव पडलं हे मत जास्त पटतं, कारण कोर्दोबाची खिलाफत, म्हणजे स्पेनमधली मुस्लिम सत्ता, मोडकळीला आल्यावर, साधारण १०१२-१३ च्या सुमारास, याच घराण्याने इथे स्वतःचं छोटं राज्य उभं केलं आणि ते ११०४ मध्ये अल्मोराविदांनी (उत्तर आफ्रिकेतलं बर्बर राजघराणं) घेईपर्यंत टिकलं. गंमत म्हणजे अरबी लेखक गावाला 'पूर्वेची सांता मारिया' म्हणत, पश्चिमेची सांता मारिया म्हणजे पोर्तुगालमधलं फारो. ११७० च्या आसपास गाव आसाग्रा या ख्रिस्ती सरदार घराण्याकडे गेलं. हे लोक स्वतःला कुठल्या राजाचे नाही, तर सांता मारियाचे मांडलिक म्हणवत. १२८४ मध्ये आरागॉनच्या तिसऱ्या पेद्रोने वेढा घालून ते जिंकलं.

घरांचा लालसर रंग गिलाव्यातल्या स्थानिक जिप्समचा, त्यात लोह असतं. मोलिना दरवाज्याजवळचं 'हुलियानेता'चं घर बघाच, एकही भिंत सरळ नाही, वरचे मजले लाकडी तुळयांवर गल्लीत पुढे आलेत आणि तरी घर उभं आहे. काही दारांवर पालीसारख्या प्राण्याच्या आकाराच्या लोखंडी कड्या दिसतात.

चौक आणि तटबंदी बघून लोक परत फिरतात याचं खरंच वाईट वाटतं, परिसरासाठी अजून एक दिवस हवाच. रोदेनो म्हणजे तांबड्या वालुकाश्माच्या पाईन जंगलात कातळचित्रं आहेत, त्यातले नावासोचे बैल १८९२ मध्ये प्रथम नोंदले गेले. चित्रं साधारणपणे लाल रंगात असतात, पण हे बैल पांढरट आहेत, तांबड्या दगडावर तेच उठून दिसतात. १९९८ पासून ही चित्रं जागतिक वारशात आहेत. वयाबद्दल एकमत नाही, नवाश्मयुगाच्या आसपासची असावीत असं बरेच जण मानतात.

इथून जवळच्या सेल्या गावापर्यंत साधारण २५ किमीचा रोमन जलमार्ग जातो, बहुधा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, आणि त्याचा बराच भाग चक्क डोंगर कोरून काढलेला बोगदा आहे. पाणी पिण्यासाठी होतं, शेतीसाठी की गिरण्यांसाठी, यावर अजून वाद चालतो. एल सिद या स्पॅनिश योद्ध्यावरच्या मध्ययुगीन महाकाव्यात सेल्याला 'कालव्याचं सेल्या' म्हटलंय, म्हणजे तेव्हाही ही ओळख लोकांना माहीत होती. बोगद्याचे काही भाग हेआ गावाजवळ चालत जाऊन बघता येतात.