लांबून ओळखू आले पाहिजे: कोकण किनाऱ्यावरच्या निशाणांची पार्श्वभूमी

2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीला विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली आणि त्याच कार्यक्रमात नौदलाचे निशाणही बदलले. पांढऱ्या कापडावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रॉस, म्हणजे इंग्लंडच्या झेंड्याची खूण, गेला. वरच्या कोपऱ्यातला तिरंगा राहिला आणि शेजारी दुहेरी सोनेरी काठाचा निळा अष्टकोन आला. त्यात नांगर, अशोकस्तंभाचे चिन्ह आणि ‘शं नो वरुणः’ हे बोधवाक्य आहे. अष्टकोनाची प्रेरणा शिवछत्रपतींच्या राजमुद्रेची. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा ज्यांच्या अंगणात उभे आहेत त्या कोकणी माणसाला याचा अभिमान वाटला नसता तरच नवल. मात्र या किनाऱ्यावर निशाणाला मानाइतकेच कामही होते, आणि ते काम जुने आहे.

ते काम म्हणजे ओळख पटवणे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज इथल्या गलबतांना ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यायला लावत. तो नसला की माल जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, या नात्याने स्वतःची दस्तके, म्हणजे परवाने, सुरू केली. डोलकाठीवरचे निशाण हा दावा, गलबताच्या तांडेलाजवळचा (प्रमुखाजवळचा) कागद हा त्याचा पुरावा. इंग्रजी निशाणाखाली देशी व्यापाऱ्याचा माल चालला असेल, तर त्याला आंग्र्यांचे दस्तक लागते की नाही, यावरून कान्होजी आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात वर्षानुवर्षे तंटा चालला. इंग्रजांनी कान्होजींना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, ठरवले. आपल्या समुद्रावर आपला हक्क बजावणाऱ्या दर्यासारंगाला असे म्हणणे हा उघड अन्याय होता, आणि आजही कुठे तो शब्द वाचला की मन पेटून उठते.

कान्होजी 1729 मध्ये गेले. फेब्रुवारी 1756 मध्ये पेशवे आणि इंग्रज कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्यावर एकत्र चालून गेले आणि विजयदुर्गाखाली आंग्र्यांचे आरमार जळाले. किल्ला इंग्रजांनी आधी गाठला, त्यावर आपले निशाण चढवले, आणि पेशव्यांना ताबा मिळायला काही महिने झगडावे लागले. मराठी आरमाराची एवढी मोठी ताकद आपल्याच दुहीने गेली.

फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत ‘तलवार’ तळावरच्या नाविकांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अपमानास्पद वागणुकीविरुद्ध संप पुकारला. बंड जहाजांवर पसरले, तेव्हा ब्रिटिश निशाणे उतरली आणि काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट असे तीन झेंडे एकत्र चढले.

26 जानेवारी 1950 पासून नौदलाच्या निशाणावर युनियन जॅकच्या जागी तिरंगा आला, पण लाल क्रॉस तसाच राहिला. 2001 मध्ये तो काढून नौदलाचे निळे बोधचिन्ह घातले. तक्रार आली ती खास दर्यावरची: आभाळ निळे, पाणी निळे, त्यात चिन्हही निळे, मग लांबून दिसायचे काय? 2004 मध्ये क्रॉस परतला, या वेळी मध्यावर अशोकस्तंभ घेऊन. आताच्या सोनेरी काठाकडे बघताना मला हा प्रसंग हटकून आठवतो.

हीच कसोटी मच्छीमाराच्या साध्या फडक्यालाही लागू आहे. समुद्रात सोडलेल्या जाळ्याच्या टोकाला बोया बांधतात, बोयाला काठी आणि काठीवर फडके. लाटांवर ते हेलकावे खात राहते. त्यावरून रात्री टाकलेले जाळे सकाळी सापडते, आणि दुसऱ्या नाखव्याची होडी त्यावरून जात नाही. फडके विटले, फाटले, तर जाळे कापले जाण्याची भीती आणि नुकसान हजारोंचे. ग्रामदेवतेच्या पालखीपुढचे शिमग्यातले निशाण किंवा नारळी पौर्णिमेला होड्यांवर लागणाऱ्या पताका यांचा थाट वेगळा. तिथे श्रद्धा आणि आनंद बोलतो.

बंदरावरच्या इशाऱ्यांना मात्र सगळे जण अदबीने वागवतात. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ ही बातमी पावसाळ्यात कानोकान पसरते. दिवसा काठीवर चढतात ते शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. तीन नंबर म्हणजे बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. पाच ते सात हे धोक्याचे इशारे. आठ ते दहा हे महाधोक्याचे इशारे, तर अकरावा इशारा हवामान खात्याशी संपर्क तुटल्याचा.